मुक्कामी गाडी

"रस्ता अगदी सोपा आहे, बाबा. दोनच वळणं," मुलगा म्हणाला.

ॲडलेडच्या त्याच्या घरात जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला होता. त्याचं बोट ॲडलेडहून निघालं, पोर्ट ऑगस्टा ओलांडून उजवीकडे वळलं आणि मग नुसतं वर सरकत राहिलं. माझा चहा संपत आला तेव्हा कुठे ते डावीकडे वळून थांबलं. "हा उलुरू. पहिल्या वळणानंतर दुसरं वळण हजार किलोमीटरवर."

मी छत्तीस वर्षं एसटीत काढली, त्यातली निम्मी वाहतूक नियंत्रक म्हणून. पाचगणीहून वाईला उतरताना पसरणी घाटात दहा वळणं होईपर्यंत खिडकीतल्या बाईचं अर्धं लिंबू चोखून संपलेलं असतं. हजार किलोमीटर सरळच जायचं तर ड्रायव्हरला स्टिअरिंग कशाला दिलंय, असं मी विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही. सूनबाई यादी करत होती.

जाऊन-येऊन सव्वातीन हजार किलोमीटर, जुलैतल्या शाळेच्या सुट्टीत, आणि मुक्काम तंबूत. माणसं सहा: मुलगा, सून, आठवीतला नातू, तिसरीतली नात, मी आणि आमची ही. तंबूही सहा माणसांचा. सहाही जण एका कुशीवर झोपले आणि रात्रभर कुणी कूस बदलली नाही तर जो पुरतो, त्याला सहा माणसांचा तंबू म्हणतात. हे आम्हाला नंतर कळलं.

सवय काही जात नाही. मी दोनशे पानी वही घेतली आणि रकाने आखले: मुक्काम, सुटण्याची ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, उशीर, कारण. पहिलीच नोंद अशी पडली: ठरलेली वेळ ६.००. प्रत्यक्ष ७.१०. उशीर ७० मिनिटे. कारण: कुकर.

सूनबाईच्या यादीत चाळीस लिटर पाणी, दोन स्टेपन्या, प्रथमोपचाराची पेटी, माशांसाठी डोक्यावर घालायच्या जाळ्या आणि कुठेच फोन लागला नाही तर थेट उपग्रहाला हाक मारणारं एक पिवळं यंत्र होतं. हिच्या यादीत भडंग, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, शेंगदाण्याची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, साबुदाणा आणि पाच लिटरचा कुकर. मुलगा म्हणाला, "आई, एकच बर्नर आहे. नूडल्स करून भागवू." ही म्हणाली, "भागवा की. मी घरी थांबते." कुकर माझ्या पायांशी आला आणि सव्वातीन हजार किलोमीटर तिथेच राहिला.

पोर्ट ऑगस्टाला पहिलं वळण झालं. इथून स्टुअर्ट हायवे सुरू होतो आणि सुमारे २,७०० किलोमीटरवर डार्विनला जाऊन संपतो. ज्याचं नाव त्याला दिलंय तो जॉन मॅकडूअल स्टुअर्ट १८६२ साली खंड ओलांडून उत्तर किनाऱ्याला पोचला खरा, पण परतीच्या वाटेवर इतका खंगला की दोन घोड्यांच्या मध्ये झोळी बांधून त्याला आणावं लागलं. रस्त्यावर शेवटपर्यंत डांबर पडायला १९८७ उजाडलं. म्हणजे एसटीची पहिली गाडी पुणे-नगर धावल्यानंतर एकोणचाळीस वर्षांनी. ही तुलना मी गाडीत बोलून दाखवली. नातीनं विचारलं, "आजोबा, एसटी म्हणजे काय?" पुढचे साठ किलोमीटर मी बोललो. त्या रस्त्यावर साठ किलोमीटर म्हणजे फार नाही.

पहिल्या तासात लाल माती, करडी झुडपं आणि आभाळ दिसलं. दुसऱ्या तासात तेच, फक्त झुडपं जरा बुटकी. छत्तीस वर्षं आमच्या डोक्यात 'जेथे रस्ता तेथे एसटी' हे वाक्य भिनलेलं. त्या वर्षांत मला गाड्या नेहमी कमी पडल्या, ड्रायव्हर कमी पडले, सुट्टे पैसे तर रोजच कमी पडले. प्रवासी मात्र कधी कमी पडले नाहीत. इथे असा गुळगुळीत रस्ता, आणि त्याच्या कडेला हात करून उभं राहायला माणूस नाही. मी बराच वेळ डावीकडे बघत होतो. अशी निवांत ड्यूटी मला कधी मिळाली नाही, आणि मिळाली असती तर मी आठ दिवसांत बदली मागितली असती.

माणूस दिसतो तो फक्त समोरच्या गाडीत, वीस-पंचवीस मिनिटांनी एकदा. मग तो स्टिअरिंगवरचा हात न सोडता फक्त तर्जनी वर करतो. मुलानंही एक बोट वर केलं. हा इथला नमस्कार. आमचे ड्रायव्हरही समोरून एसटी आली की हात करतात, पण तो भाऊबंदकीतला हात. हा अनोळखी माणसाला. मला पद्धत आवडली. पुढच्या गाडीला मी शेजारच्या सीटवरून दोन्ही हात जोडून नमस्कार केला. त्या माणसाची गाडी थोडी डगमगली.

रोड ट्रेन मात्र नमस्कार करायच्या लायकीचीच असते. एका इंजिनामागे तीन-तीन ट्रेलर, लांबी साडेत्रेपन्न मीटरपर्यंत. म्हणजे एकामागे एक लावलेल्या साडेचार एसट्या, ड्रायव्हर एक आणि कंडक्टर नाही. तिला ओलांडायला मुलानं गाडी उजवीकडे घातली तेव्हा गाडीतलं बोलणं थांबलं. हिनं शेजारच्या सूनबाईचा हात धरला. बराच वेळ डावीकडे नुसती चाकं, चाकं. पुढे गेल्यावर ही म्हणाली, "यात असतं तरी काय एवढं?" मुलगा म्हणाला, "गुरं असतात, डिझेल असतं, किराणा असतो." हिनं मागे वळून बघितलं. "एवढा किराणा खातं कोण इथे?"

पहिला मुक्काम वूमेरा. १९४७ पासून रॉकेटच्या चाचण्यांसाठी वसवलेलं गाव. ऑस्ट्रेलियाचा पहिला उपग्रह १९६७ साली इथूनच उडाला. गावात बागेत झोपाळे असावेत तशी जुनी रॉकेटं मांडून ठेवली आहेत. ज्या गावातून उपग्रह उडाला तिथे आमचा तंबूही उडाला. खुंट्या ठोकायचा हातोडा सूनबाईच्या यादीत होता, गाडीत नव्हता. त्याच्या जागी कुकर होता. मुलानं दगडानं खुंट्या ठोकल्या, वारा आला, तंबू फुगला आणि कुंपणापर्यंत गेला. त्याच्यामागे नातू, नातवामागे सूनबाई, आणि मी "डावीकडनं धर, डावीकडनं!" असं ओरडत जागेवरून वाहतूक नियंत्रण केलं.

शेजारच्या कॅरॅव्हॅनमधून एक म्हातारे गृहस्थ हातोडा घेऊन आले. इथे निवृत्त झालेली पुष्कळ जोडपी घराला कुलूप लावून, मागे कॅरॅव्हॅन जोडून महिनोन्महिने देशभर हिंडतात. त्यांना 'ग्रे नोमॅड' म्हणतात, म्हणजे पिकल्या केसांचे भटके. यांच्या कॅरॅव्हॅनमध्ये धुलाईयंत्र होतं. त्यांनी न बोलता सात मिनिटांत आमचा तंबू उभा केला, आमच्या कुकरकडे बघितलं आणि निघून गेले. पुढच्या प्रत्येक मुक्कामाला ते भेटले. यात योगायोग काही नाही. रस्ता एकच असेल तर सगळी माणसं त्याच क्रमानं पुन्हा पुन्हा भेटतात. वारीत मागच्या मुक्कामाची दिंडी पुढच्या मुक्कामाला दिसतेच.

त्या रात्री थंडी किती होती ते मी वहीत लिहिलेलं नाही, कारण बोटं चालत नव्हती. वाळवंट म्हणजे गरम, ही आमची समजूत. जुलैत दुपारी ती खरी ठरत नाही आणि पहाटे साफ खोटी ठरते. कूस बदलायची नाही हा ठराव रात्री अकरापर्यंत टिकला.

दुसऱ्या दिवशी ग्लेनडॅम्बो. गावाच्या पाटीवर लोकसंख्या तीन ओळींत लिहिलेली: मेंढ्या २२,५००, माशा अंदाजे २०,००,०००, माणसं ३०. तीस माणसं म्हणजे आमच्या बाजारच्या दिवसाच्या गाडीतले फक्त उभे प्रवासी. मेंढ्या कुठे दिसल्या नाहीत. माशांनी मात्र शिरगणतीला पूर्ण सहकार्य केलं. त्या चावत नाहीत. डोळ्यांच्या कोपऱ्यात, नाकपुडीत, ओठावर ओल शोधतात. तोंडासमोर सतत हात हलवत राहायचं, याला गमतीनं ऑस्ट्रेलियन सॅल्यूट म्हणतात. हिनं जाळी घालायला नकार दिला आणि सरळ डोक्यावरून, तोंडावरून पदर घेतला. पेट्रोलपंपावर जाळीतली दोन गोरी माणसं त्या पदराकडे हेव्यानं बघत होती.

इथे टाकी भरायचीच, कारण पुढे कूबर पीडीपर्यंत अडीचशे किलोमीटर पेट्रोल नाही. पेट्रोल नाही म्हणजे बाकीचंही काही नाही. नातीनं ऐंशीव्या किलोमीटरला "थांबवा" म्हटलं. आमच्याकडे याला विनंती थांबा म्हणतात. गाडी थांबली, पण आडोसा म्हणून गुडघ्याएवढं झुडूपही नव्हतं. शेवटी गाडीची दोन दारं उघडून मध्ये हिचा पदर धरला. तेवढ्यात समोरून त्या तासातली एकमेव गाडी आली आणि ड्रायव्हरनं शिस्तीत एक बोट वर केलं.

वाटेत एके ठिकाणी डांबरावर पांढरे जाड पट्टे मारलेले होते आणि रस्ता एकदम रुंद झाला होता. नातू म्हणाला, "आजोबा, हा रनवे आहे. फ्लाइंग डॉक्टरचं विमान इथे उतरतं." १९२८ पासून ही सेवा चालू आहे, शेकडो मैलांवरच्या एकट्या घरातलं कुणी आजारी पडलं की डॉक्टर विमानानं येतो, आणि वेळ पडली तर महामार्गावरच उतरतो. मी ऐकून घेतलं. आमच्याकडे रस्त्यावर कडधान्य पसरलेलं असतं आणि एसटीनं त्यावरून जाऊन मळणी करून द्यावी अशी शेतकऱ्याची अपेक्षा असते. रस्त्याचे उपयोग गावागणिक वेगळे.

कूबर पीडीला पोचलो त्या दिवशी आषाढी होती. जन्मात पहिल्यांदा मी आषाढीला जमिनीच्या खाली होतो. १९१५ साली वडिलांबरोबर सोनं शोधायला आलेला विली हचिसन नावाचा चौदा वर्षांचा पोरगा पाणी शोधायला गेला आणि त्याला ओपल सापडलं. तेव्हापासून माणसं इथे भोकं पाडत आहेत. उन्हाळ्यात वर भाजून निघतं म्हणून ती राहतातही खाली. बाराही महिने आत चोवीस-पंचवीस अंश. घरं खाली, चर्चं खाली. गावाच्या नावाचा अर्थ 'गोऱ्या माणसाचं बीळ' असा सांगतात. नाव ठेवणाऱ्यांची नजर चांगली होती. वर एक गोल्फचं मैदान आहे, त्यावर गवताची काडी नाही. खेळणारा प्लास्टिकच्या हिरवळीचा तुकडा बरोबर घेऊन फिरतो आणि चेंडू मारायच्या आधी तो जमिनीवर ठेवतो. ही गोष्ट मला खोटी वाटली होती. मग एक माणूस बगलेत हिरवळ घेऊन चाललेला प्रत्यक्ष पाहिला.

गावाबाहेर खाणीच्या उघड्या भोकांमुळे पाट्या लावल्या आहेत: पळू नका, मागे चालू नका. पाटीवर उलटा पडणारा माणूस काढलाय. मुलानं त्या पाटीशेजारी आम्हा दोघांना उभं केलं, मोबाइल डोळ्यासमोर धरला आणि म्हणाला, "आई, बाबा, जरा मागे सरका." आम्ही सरकलो. मराठी माणूस फोटोसाठी कुठेही मागे सरकतो. सूनबाई किंचाळली. तो फोटो हलला आहे.

मुक्काम भुयारातच होता, खडकात कोरलेल्या दालनात. खुंट्या ठोकायचा प्रश्न नाही, वारा नाही, थंडी नाही. हिनं वरच्या सामाईक स्वयंपाकघरात साबुदाण्याची खिचडी टाकली. ग्लेनडॅम्बोपासून साबुदाणा माझ्या पायांशी कुकरमध्ये भिजत होता. जिरं तडतडलं, वर मूठभर हिरवी मिरची पडली, आणि स्वयंपाकघरातली अर्धी माणसं खोकत बाहेर गेली. राहिले फक्त हातोडावाले म्हातारे आणि त्यांच्या बाई. म्हाताऱ्यांनी डोळे पुसत विचारलं, हे काय आहे. नातवानं सांगितलं की आज आमचा उपास आहे, आज आम्ही जेवत नाही. म्हाताऱ्यांनी पातेल्याकडे बघितलं, बटाट्याच्या भाजीकडे बघितलं, दाण्याच्या आमटीकडे बघितलं. मग त्यांनीही उपास केला, दोनदा वाढून घेऊन.

तिसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत अर्लडंडा गाठायचं होतं, कारण अंधार पडला की कांगारू रस्त्यावर येतात. कांगारू बघायची हौस पहिल्या दोनशे किलोमीटरमध्येच फिटली होती. दिसले ते सगळे रस्त्याच्या कडेला आडवे, आणि त्यांच्यावर एकेक गरुड, माणसाकडे ढुंकूनही न बघणारा. मार्लाच्या पुढे एकदा उंट दिसले. मोकळे, सहा-सात, शांतपणे चाललेले. नातू म्हणाला हे इथले नाहीत. १८६० साली बर्क आणि विल्सच्या मोहिमेसाठी चोवीस उंट कराचीहून जहाजानं आणले, मागोमाग बलुचिस्तान, सिंध, पंजाबकडचे उंटवाले आले. गोऱ्यांनी सगळ्यांना सरसकट 'अफगाण' ठरवलं. ॲडलेडहून निघणाऱ्या 'घान' गाडीचं नावही त्यातलंच. त्यांनी या वाळवंटात साठ-सत्तर वर्षं माल वाहिला. मग ट्रक आले आणि उंट सोडून दिले. म्हणजे या मार्गावरची पहिली नियमित मालवाहतूक आपल्याकडच्या माणसांनी चालवली. वहीत मी ही नोंद लाल शाईनं केली आहे.

अर्लडंडाला कुकरची पहिली शिट्टी झाली. वरण-भात होता. सात डिग्री थंडी, चहूकडे शुकशुकाट, लोक आपापल्या खुर्च्यांत चांदणं बघत बसलेले, आणि कुकर एसटी स्टँडवरच्या भोंग्यासारखा ओरडला. तीन कॅरॅव्हॅनची दारं उघडली. एक जण आग विझवायचं नळकांडं घेऊन धावत आला. ही शेगडीसमोरून न हलता म्हणाली, "अजून दोन व्हायच्यात." उलुरूला पोचल्यावर त्या रात्री तिसऱ्या शिट्टीला हातोडावाले म्हातारा-म्हातारी आपापल्या ताटल्या घेऊन आमच्या तंबूसमोर हजर होते.

दुसरं वळण घेऊन शंभरेक किलोमीटर गेलो आणि डावीकडे क्षितिजावर एक प्रचंड तांबडा डोंगर उभा राहिला. "आला!" मी ओरडलो. गाडी थांबली. हिनं चपला काढल्या, हात जोडले, डोळे मिटले. मुलगा हसू दाबत होता. तो उलुरू नव्हताच, माउंट कॉनर होता. त्याला बघून इतके लोक फसतात की इथे त्याला 'फूलुरू' म्हणतात. मी ओशाळलो. ही अजिबात ओशाळली नाही. "केलेला नमस्कार वाया जात नाही. पोचतो तिकडे," म्हणाली आणि चपला घालून गाडीत बसली.

खरा उलुरू दिसला तेव्हा मात्र कुणी ओरडलं नाही. सपाट जमिनीतून ३४८ मीटर उभा, एकसंध, भोवताली दुसरं काही नाही. दगडातल्या लोखंडाला गंज चढून तो तांबडा झालाय, असं नातवानं सांगितलं. हिनं ऐकलं न ऐकलं केलं. तिला पाटी वाचायची होती. ही जागा अनंगू लोकांची, त्यांच्यासाठी पवित्र. १९८५ साली ती त्यांना परत मिळाली आणि बरोबर चौतीस वर्षांनी, २६ ऑक्टोबर २०१९ ला, वर चढणं कायमचं बंद झालं. खडकावर जुन्या चढणीचा फिका पट्टा अजून दिसतो. "देवाच्या डोक्यावर पाय देऊ नये, हे कळायला यांना इतकी वर्षं लागली?" ही म्हणाली. मग तिला कळलं की खडकाभोवती दहा किलोमीटरची पायवाट आहे आणि 'माला' नावाच्या वाहनतळापासून घड्याळाच्या दिशेनं चालावं अशी तिथली शिफारस आहे. एवढं पुरलं. "बघा. प्रदक्षिणाच आहे."

तिनं दहाही किलोमीटर पुरे केले, साडीवर बूट घालून. काही भागांत फोटो काढू नका अशा पाट्या आहेत. तिथे तिनं नातवाचा मोबाइल स्वतःच्या पिशवीत टाकला आणि पाटी संपल्यावर परत दिला. मी चौथ्या किलोमीटरला गुडघ्याचं कारण सांगून बसलो. त्याची नोंद वहीत 'ब्रेकडाऊन' अशी आहे.

शेवटच्या पहाटे चारला मला या वयात जाग यायची तशी आली. बाहेर आलो तर ही आधीच शाल गुंडाळून खुर्चीत बसलेली. ध्रुव इथे दिसत नाही. रात्री मी सवयीनं उत्तरेला शोधला होता. त्याच्या जागी दक्षिणेला त्रिशंकू, विश्वामित्रानं अर्ध्यावर अडकवलेला, इथे चांगला उंच चढून आलेला. आता पहाटे तो कलला होता आणि आग्नेयेला एक ठळक पांढरा तारा वर आला होता. "हा अगस्त्य," मी म्हणालो.

"तोच ना," ही म्हणाली, "विंध्याला सांगून गेला, मी येईपर्यंत वाकून राहा, आणि दक्षिणेला गेला तो परत आलाच नाही?"

"तोच."

ती काही बोलली नाही. तंबूत मुलगा घोरत होता. अठरा वर्षं झाली त्याला इकडे येऊन. थोड्या वेळानं ती म्हणाली, "अहो, शेगडी पेटवा. आल्याचा तुकडा कुकरात ठेवलाय." मी उठलो आणि बुटात पाय घालायला गेलो, तर बूट एकच. पंधरा हातांवर दोन डोळे चमकले, एक सडपातळ पिवळसर कुत्रं वळलं आणि तोंडात माझा डावा बूट घेऊन, अजिबात घाई न करता, वाळूत चालत गेलं. डिंगो. बूट बाहेर ठेवू नका, असं सूनबाई रोज सांगत होती.

शेवटची नोंद: एकूण किलोमीटर ३,५४०. प्रवासी ६, सर्व सुखरूप. ब्रेकडाऊन १. शिट्ट्या २१. उलुरूहून सुटण्याची ठरलेली वेळ ६.००, प्रत्यक्ष ९.४०. कारण: बूट. गहाळ माल: डावा बूट, आठ नंबर. मिळालेला नाही.